चाचांचे बारा महिने

चाचा गेले आणि मला हायसं वाटलं. गेले म्हणजे विमानाने गेले. आपल्याकडे हा शब्द उच्चारला की ऐकणारा आधी चेहरा लांब करतो, म्हणून सांगून टाकते. दोह्याच्या विमानतळावर, बाहेर चांगलं कडक ऊन असताना, अंगात एकावर एक दोन स्वेटर आणि हातात जाड कोट घेऊन, घामाने निथळत गेले. मला ते कोकणी पद्धतीने बाय म्हणत. आत शिरताना म्हणाले, "बाय, तुम्ही मला मरायला पाठवताय." मी म्हटलं, "पोचल्यावर फोन करा."

फळं, भाज्या, दूधदुभतं आयात करणाऱ्या एका कंपनीच्या कोल्ड स्टोअरमध्ये मी काम करते. आलेला माल तपासायचा आणि त्याचे कागद पुरे करायचे, हे माझं काम. थंडी चाचांकडे. कॉम्प्रेसर, पंखे, दारं, खोल्यांची तापमानं, सगळं त्यांच्या हाताखाली. ते दापोलीकडचे कोकणी मुसलमान, मी नाशिकची. त्यांना सगळेच चाचा म्हणत. आमचा मॅनेजर वयाने त्यांच्याहून मोठा, तोही.

माझ्या मुलाखतीला ते मॅनेजरच्या शेजारी बसले होते. कंपनीची, पगाराची बोलणी झाल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"समजा, आंबा आला. कुठे ठेवाल? जुलैत की सप्टेंबरात?"

"जुलैत आंबा कुठला? संपलेला असतो," मी म्हणाले.

"आपला जुलै कोण विचारतंय? ट्रॉम्सोचा जुलै."

मला वाटलं, ट्रॉम्सो म्हणजे एखादी जहाज कंपनी असेल. म्हटलं, "मला माहीत नाही."

ते मॅनेजरकडे वळून हिंदीत म्हणाले, "जो मालूम नहीं, उसको मालूम नहीं बोलती हैं. रख लो."

ट्रॉम्सो हे नॉर्वेतलं गाव. नकाशात इतकं वर, की त्याच्या वर फारसं काही उरत नाही. तिथलं दर महिन्याचं सरासरी तापमान चाचांना पाढ्यासारखं पाठ होतं. जानेवारी उणे चार, फेब्रुवारी तेवढाच, मार्च उणे तीन, एप्रिल शून्याच्या किंचित वर, मे पाच, जून नऊ, जुलै बारा. मग उतरण. ऑगस्ट अकरा, सप्टेंबर सात, ऑक्टोबर तीन, नोव्हेंबर उणे एक, डिसेंबर पुन्हा उणे तीन. आणि आमच्या खोल्यांना त्यांनी हीच नावं दिली होती. आंब्याला बारा अंश लागतात, म्हणून आंब्याची खोली जुलै. भेंडी आणि काकडी जूनमध्ये. बटाटे सप्टेंबरात, दूध ऑक्टोबरात, द्राक्षं एप्रिलमध्ये. फलक नव्हते, तोंडीच होतं सगळं. आमचे नेपाळी आणि बिहारी हमाल ट्रॉली ढकलत एकमेकांना ओरडत, "अरे, ये सप्टेंबर में नहीं, ऑक्टोबर में डाल." पहिल्या आठवड्यात मला वाटलं, मी वेड्यांच्या बाजारात आले आहे. महिन्याभरात मीही तसंच बोलायला लागले. घरी एकदा फ्रिज उघडून मुलाला म्हणाले, "दही ऑक्टोबरात ठेव." तो म्हणाला, "Mom, are you okay?" आमच्याकडे मुलाला मराठी समजतं आणि तो काळजी इंग्रजीत करतो.

हे गाव चाचांना भेटलं कुठे, याच्या दोन हकिकती होत्या. पहिली अशी, की शाळेत भूगोलाच्या पेपराला या गावाच्या तापमानांचा आलेख काढायला आला होता. कोकणातल्या पोराने सगळे खांब वरच्या बाजूला काढले, उणे असलेले सुद्धा. गुरुजींनी वर्गात विचारलं, "काय रे, थंडी जमिनीतून उगवते का?" त्या दिवसापासून ते आकडे डोक्यात बसले. दुसरी हकिकत अशी, की यंत्रांच्या एका विक्रेत्याने दिलेल्या दिनदर्शिकेवर ते छापलेले होते. कोणती खरी, मी विचारलं नाही. दोन्ही हकिकतींत एक गोष्ट मात्र कायम होती. चाचा त्या गावाला कधी गेलेले नव्हते. हे ते लपवत नसत, पण कोणी विचारलं नाही तर सांगतही नसत. त्यामुळे हमालांमध्ये अशी पक्की समजूत होती, की चाचांची जवानी बर्फात गेली आहे.

एकदा पालिकेचा तपासणी अधिकारी आला. तरुण कतारी मुलगा, पांढराशुभ्र पोशाख, हातात थर्मामीटर. चाचा त्याला एकेका दाराशी नेऊन माहिती देत होते. दुधाच्या खोलीशी आले आणि सवयीने म्हणाले, "धिस इज ऑक्टोबर."

तो थांबला. "इट इज जून."

"जून इज देअर," चाचांनी भेंडीच्या दाराकडे बोट केलं.

त्या मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी कागद पुढे केले. त्याने आत जाऊन तापमान घेतलं, बाहेर येऊन लिहून घेतलं, आणि सही करताना विचारलं, "ऑक्टोबर कुठला पण?" चाचांनी नॉर्वे सांगितलं. तो गंभीरपणे म्हणाला, "मी गेलोय नॉर्वेला. उन्हाळ्यात. छान आहे. तुम्ही?" चाचा म्हणाले, "इन्शाल्ला," आणि कॉम्प्रेसर बघायला निघून गेले. कॉम्प्रेसर ठीक होता.

त्या दिवशी मला आणखी एक गोष्ट दिसली, ती रोज दिसत होती पण मी तिला आळस समजत होते. चाचा खोलीत जात नसत. दारात उभे राहत, एक पाय आत, एक बाहेर, आणि तिथूनच सगळं बघत. पंख्यावर बर्फ धरला आहे का, पेट्या भिंतीला चिकटवून रचल्या आहेत का, हे त्यांना तिथूनच कळे. आत जावंच लागलं तर दाराला पाचर लावून जात. आम्ही कोणी दार उघडं ठेवलं तर मात्र आभाळ कोसळे. "थंडी बाहेर घालवताय? ही काय पाणपोई हाय?" स्वतःच्या पाचरेबद्दल विचारलं तर म्हणत, "मी इंचार्ज हाय." आइस्क्रीमच्या खोलीला, जिथे उणे अठरा असतं, त्यांनी नाव दिलेलं नव्हतं. तिच्या दाराशीही ते जात नसत, हमालाला पाठवत. मी एकदा विचारलं, की हिचा महिना कोणता? म्हणाले, "हिला महिना नाय. इथं गाव संपलं." मी पुढे विचारलं नाही. कामं होती.

सात-आठ वर्षं आम्ही एकत्र काम केलं. मग त्यांच्या निवृत्तीचं वर्ष आलं, आणि त्याच वर्षी त्यांच्या मुलीचा फोन आला.

मुलगी एकुलती एक. रत्नागिरीला मत्स्यशास्त्र शिकली, आणि पुढच्या संशोधनासाठी गेली कुठे, तर ट्रॉम्सोला. चाचांनी ही बातमी गोदामभर सांगितली होती, जणू गाव त्यांनीच तिला आंदण दिलं. मुलीशी मी नंतर बोलले तेव्हा ती म्हणाली, "मावशी, माशांचं काम तिथे चालतं आणि शिष्यवृत्ती तिथे मिळाली. अब्बांच्या पाढ्याचा काही संबंध नाही. पण त्यांना सांगू नका." तिथेच तिने लग्न केलं, नवरा रायगडचा, तिच्याच विद्यापीठातला. आता तिला दिवस गेले होते. मार्चमध्ये बाळंतपण होतं. आई आणि अब्बा दोघांनी यावं, असं तिचं म्हणणं.

चाचीने काही विचारलं नाही. ती दापोलीकडच्या घराला कुलूप लावून, लोणच्याच्या बरण्या बांधून, दोन शाली घेऊन जानेवारीतच मुलीकडे पोचली. तिला जानेवारीचा आकडा ठाऊक नव्हता. चाचा दुपारच्या सुट्टीत कँटीनमध्ये बसून तिला व्हिडिओ कॉल करत.

"किती हाय आज?"

"काय किती?"

"तापमान गो."

"मला काय ठाऊक. थंडी हाय. मोजे घातलेत. तुम्ही कवा येताय?"

"बघतो."

हे बघतो-बघतो फेब्रुवारीपर्यंत चाललं. आधी त्यांचा निरोपसमारंभ व्हायचा होता. मग व्हिसाचे कागद यायचे होते. ते आले, तर गुडघा दुखायला लागला. मग एक दिवस ते माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "बाय, सरासरीवर विश्वास ठेवू नये. मार्च उणे तीन म्हणतात, म्हणजे कधी उणे दहा पण असेल. सरासरी ही फसवी गोष्ट हाय." ज्या माणसाने उभं आयुष्य त्या सरासरीवर काढलं, त्याच्या तोंडून हे ऐकून मी पेन खाली ठेवलं.

म्हटलं, "चाचा, तुमची आर. पी. संपतेय. नोकरी संपली की इथे राहायचा परवाना संपला, हे तुम्हीच सगळ्यांना सांगता. दापोलीचं घर बंद आहे. तिथे जाऊन एकटे करणार काय? आणि मुलगी वाट बघतेय."

"तिला तिची आई हाय ना."

"तिला तुम्हीही हवे आहात."

त्यांनी दारं तपासायला जायचं निमित्त काढलं. संध्याकाळी मुलीचा मला फोन आला. माझा नंबर चाचीकडे होता. ती रडली वगैरे नाही. सरळ म्हणाली, "मावशी, मी लहानपणापासून अब्बांना सुट्टीतच पाहिलंय. दोन वर्षांतून एकदा येणार, खजूर आणि ब्लँकेटं आणणार, आणि मला त्यांची सवय होते न होते तोवर जाणार. मला वाटलं होतं, बाळाच्या वेळी तरी ते घरात असतील. आणि मी काही दरवर्षी बाळंत होणार नाहीये. हे त्यांना सांगा." फोन ठेवताना म्हणाली, "या वेळी नाही आले, तर मी पुन्हा बोलावणार नाही."

दुसऱ्या दिवशी मी चाचांना गोदामामागे, जिथे ट्रक लागतात तिथे गाठलं आणि हे जसंच्या तसं सांगितलं. ते एका ट्रकच्या पायरीवर बसले. मग बोलले, ते मात्र एका दमात.

फार पूर्वी, आखातातल्याच दुसऱ्या एका देशात, दुसऱ्या कंपनीत, ते नवे असताना उणे अठराच्या खोलीत अडकले होते. आतल्या बाजूची कडी गोठून बसली होती. बाहेर जेवणाची सुट्टी, ऐकायला कोणी नाही. पुढची पाळी आली तेव्हा दार उघडलं. डाव्या पायाची दोन बोटं तेव्हापासून बधिर.

"आत दिवा होता, पंखा होता आणि आकडा होता," चाचा म्हणाले. "उणे अठरा. मी उड्या मारतोय, दार बडवतोय, आणि बघतोय तर तो आकडा तसाच. हलत नाय."

"म्हणून महिन्यांची नावं?"

"महिना संपतो, बाय. कसलाही असू दे, संपतो. आकडा कुठं संपतो?"

मी म्हटलं, "मग सराव करू."

मला दुसरा उपाय ठाऊक नव्हता. लहान मुलाला पोहायला शिकवताना आधी गुडघाभर पाण्यात उभं करतात, तसं. आम्ही जुलैपासून सुरुवात केली. आंब्याच्या खोलीत दोन पेट्या उलट्या मांडल्या, दार लावून घेतलं, बाहेर एका हमालाला उभं केलं आणि थर्मासमधला चहा प्यायलो. चाचांचा हात सगळा वेळ कडीवर होता. दोन दिवसांनी जून. मग सप्टेंबर, बटाट्यांच्या वासात. ऑक्टोबरात ते घड्याळ बघत होते, पण बसले. एप्रिलमध्ये, द्राक्षांजवळ, मी माझ्या माहेरच्या बागेच्या गोष्टी सांगत राहिले, त्यांनी एकही ऐकली नसावी. गोदामात कुजबुज सुरू झाली होती, की चाचा आणि मॅडम महिना-महिना फिरतात. मॅनेजरने विचारलं तर मी सांगितलं, तपासणी चालू आहे. खोटं नव्हतं ते.

शेवटी मार्च. एक रिकामी खोली होती, ती त्यांनी स्वतः उणे तीनवर आणली. कोट घातला, टोपी घातली, आत गेले. मी दार लावलं मात्र, आतून आवाज आला, "उघडा." मी उघडलं. बाहेर येऊन ते भिंतीला हात टेकून उभे राहिले. ओठ पांढरे पडले होते. उणे तीनमध्ये इतक्यात काही होत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही.

"खलास," ते म्हणाले. "तिला सांगा, नाय जमत."

मी म्हटलं, "तिला तुम्ही सांगा. तिकडे जाऊन सांगा."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या सात पिढ्यांची वैरीण आहे. पण विमानतळावर आले. ते का आले, हे मला आजतागायत कळलेलं नाही. मी समजावलं म्हणून नव्हे, एवढं नक्की. सराव तर सपशेल फसला होता. मुलीचा तो निरोप त्यांनी दुसऱ्यांदा माझ्याकडून ऐकून घेतला होता, शब्द न् शब्द. कदाचित तेवढंच.

पोचल्यावर फोन आला नाही. आला तो चाचीचा. "आले. घरात बसलेत. खिडकीतनं बघतात. विमानतळावरनं गाडीत आणि गाडीतनं घरात, एवढंच काय ते बाहेर." मार्चमध्ये मुलगी बाळंत झाली. मुलगी झाली. दवाखान्यात चाचा गेले, तेही गाडीतून दारात, दारातून आत. नातीला मांडीवर घेतलेला फोटो आला. टोपी, कोट, सगळं अंगावर, आणि तोंडावर तो गोदामाच्या दारातला भाव. मला वाटलं, आता हा माणूस वर्षभर खिडकीत बसणार, आणि मुलगी वैतागून मला शिव्या देणार. त्या दिवसांत मी फोन वाजला की दचकत असे. मी आग्रह केला नसता तर ते निदान आपल्या गावी, आपल्या अंगणात असते, हा विचार दिवसातून एकदा तरी येऊन जाई.

एप्रिलमध्ये एका सकाळी मी ट्रक उतरवून घेत होते, तेव्हा चाचांचा फोन आला. आवाज चढलेला.

"बाय, ह्या लोकांनी पोरीला बाहेर ठेवलीय."

"कोणाला?"

"नातीला. अंगणात. बाबागाडीत. बर्फात."

मी ट्रकवाल्याला थांब म्हटलं. मागून मुलीचा आवाज येत होता, "अब्बा, इथे सगळेच ठेवतात. दवाखान्यातल्या बाईंनीच सांगितलं. बाहेर बाळं गाढ झोपतात."

"दवाखान्यातल्या बाईचं डोकं फिरलंय. शून्य हाय बाहेर. शून्य. आपण दूध ठेवत नाय शून्याला."

"चाचा, तिच्या अंगावर काय आहे?" मी विचारलं.

"लोकर. वर लोकर. त्याच्यावर पिसांचं गाठोडं. नाक तेवढं दिसतंय."

"रडतेय?"

"नाय. घोरतेय."

"मग झोपू द्या तिला."

"आणि हिच्याजवळ कोण नाय. ह्यांची पद्धत अशी, म्हणे खिडकीतनं लक्ष ठेवायचं. खिडकीतनं. आमच्याकडे मांजर पण अशी टाकत नाय."

"तुम्ही आत्ता कुठून बोलताय?"

फोनमध्ये वाऱ्याचा आवाज येत होता, तो मला तेव्हा कळला.

"गाडीजवळ उभा हाय," चाचा म्हणाले. "हिला सोडून कसा जाऊ?"

मी म्हटलं, "बरोबर आहे. मग खुर्ची घेऊन बसा." आणि ट्रककडे गेले.

त्यानंतर काही दिवस त्यांचा फोन नाही. मी केला तो शुक्रवारी, घरून, व्हिडिओवर. चाचा अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. मागे बर्फ, पुढे निळी बाबागाडी, तिच्या दांड्यावर त्यांचा एक हात. डोक्यावर टोपी नव्हती. डोळ्यांवर काळा चष्मा होता, आणि नाक भाजलेल्या वांग्यासारखं झालं होतं.

"आवाज हळू," ते म्हणाले. "आत्ता डोळा लागलाय."

"थंडी?"

"हाय की. शून्याच्या खाली हाय आज." त्यांनी फोन वर केला. मला आभाळ दिसलं, मग पुन्हा त्यांचा चेहरा. "बाय, एवढ्या वर्षांत मला एक गोष्ट कोणी सांगितली नाय. थंडीत ऊन असतं. एवढं ऊन, की चष्म्याशिवाय डोळे उघडत नाय. ते आकडे छापणाऱ्यांनी एका शब्दाने लिहू नये?"

मागच्या खिडकीत चाची आली. काचेवर टकटक केली, हाताने आत या अशी खूण केली. चाचांनी मान हलवली. तिने खिडकी किलकिली केली.

"अवो, सकाळपासून बसलाय. आत या, चहा गार होतोय."

"होऊ दे."

"पोरगी म्हणते, आता ती बघेल. तुम्ही या."

"हिला उठू दे, मग येतो."

चाचीने माझ्याकडे, म्हणजे फोनकडे, बघून कपाळावर हात मारला. खिडकी लागली. चाचांनी बाबागाडीचं पांघरूण जरासं सारखं केलं आणि पाय पुढे पसरून बसले. थोड्या वेळाने खिडकी पुन्हा उघडली, चाचीचा हात बाहेर आला, आणि तिने चहाचा कप खिडकीच्या काठावरच्या बर्फावर ठेवून दिला.